सामायिक डिजिटल दिनदर्शिकेतील रंगसंकेत : स्वरूप, मर्यादा आणि व्यवस्थापन

सारांश : महाविद्यालयीन कामकाजात सामायिक डिजिटल दिनदर्शिकेचा वापर आता रूढ झाला आहे. परीक्षा, प्रात्यक्षिके, बैठका, उपक्रम यांच्या नोंदी वेगवेगळ्या रंगांत दाखविण्याची पद्धतही त्याबरोबर आली. नोंद सामायिक झाली म्हणजे तिचा रंगही सामायिक झाला, असे या पद्धतीत गृहीत धरले जाते. हे गृहीतक बहुतांशी चुकीचे आहे. ते का चुकते, त्याचे परिणाम काय होतात आणि रंगसंकेताची व्यवस्था कशी लावावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : सामायिक दिनदर्शिका, रंगसंकेत, रंगसूची, रंगांधत्व, शैक्षणिक नियोजन.

प्रस्तावना

मराठी घरात भिंतीवरच्या कॅलेंडरमधील लाल अंकाचा अर्थ लहान मुलालाही सांगावा लागत नाही. लाल म्हणजे रविवार किंवा सुट्टी. जयंत साळगावकर यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने हा संकेत घरोघरी नेला. रंगसंकेताची चर्चा करताना या छापील कॅलेंडरचा एक गुणधर्म सहज नजरेतून सुटतो. ते एकच वस्तू असते. आजोबा, सून आणि नातू यांच्यापुढे तोच कागद आणि तीच शाई असते. त्यामुळे ‘लाल तारीख’ म्हटले की सर्वांची नजर एकाच चौकटीकडे जाते.

डिजिटल दिनदर्शिका अशी एकच वस्तू नसते. माहिती एका ठिकाणी साठवलेली असते आणि तिचे चित्र प्रत्येकाच्या पडद्यावर स्वतंत्रपणे तयार होते. माहिती सर्वांची असली तरी चित्र ज्याचे त्याचे असते. हा भेद ध्यानात न घेता आपण भिंतीवरच्या कॅलेंडरची सवय मोबाइलवर आणली. त्यातून काय घडू शकते, याचा अनुभव प्रस्तुत लेखिकेने स्वतः घेतला आहे आणि त्यात चूक तिचीच होती.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी लेखिका एका महाविद्यालयात वेळापत्रक समितीची सदस्य होती. समितीने गूगल कॅलेंडरवर एक सामायिक दिनदर्शिका तयार करून सर्व शिक्षकांना पाहण्यासाठी दिली. प्रात्यक्षिक परीक्षांसाठी वेगळे कॅलेंडर करण्यात आले आणि लेखिकेने आपल्या संगणकावर त्याला हिरवा रंग दिला. त्यानंतर निघालेल्या सूचनेत पुढील आशयाचे वाक्य होते : हिरव्या रंगातील नोंदी प्रात्यक्षिक परीक्षेच्या असून संबंधितांनी त्यानुसार उपस्थित राहावे. नोंदीच्या शीर्षकात मात्र ‘द्वितीय वर्ष, बॅच ब’ एवढेच लिहिले होते. परीक्षा आहे हे रंगच सांगतो आहे, मग ते शब्दांत पुन्हा कशाला लिहायचे, अशी त्यामागची समजूत होती.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या एका सहकाऱ्यांनी ती सूचना वाचली आणि आपल्या मोबाइलवर हिरव्या नोंदी शोधल्या. त्यांच्या पडद्यावर हिरवे दिसत होते ते भारतातील सुट्ट्यांचे कॅलेंडर. परीक्षेच्या नोंदी नारिंगी रंगात होत्या आणि शीर्षकावरून त्या नेहमीच्या प्रात्यक्षिक तासांच्या वाटत होत्या. परीक्षेच्या आठवड्यात नेहमीचे तास होत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. ते गावी गेले. परीक्षेच्या दिवशी बावीस विद्यार्थी प्रयोगशाळेबाहेर दुपारपर्यंत उभे होते. त्यांतील निम्मेअधिक एस.टी.ने ये-जा करणारे होते. परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली आणि सहकाऱ्यांकडून लेखी खुलासा मागविण्यात आला.

खुलाशात त्यांनी ‘सदर नोंद मला हिरव्या रंगात दिसली नाही’ असे लिहिले. समितीच्या बैठकीत या वाक्याकडे सबब म्हणूनच पाहिले गेले, कारण बैठकीतील संगणकावर नोंद स्पष्टपणे हिरवी दिसत होती. तो संगणक लेखिकेच्या खात्यावर चालू होता. सहकाऱ्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते, हे पुढे दोन मोबाइल शेजारी ठेवून पाहिले तेव्हा उमगले. ज्याची नेमणूकच तासिकांवर अवलंबून आहे अशा शिक्षकाच्या धारिकेत खुलाशाचा कागद लागणे ही किरकोळ बाब नव्हे. आपल्या सूचनेतील दोष कबूल करणारी टिपणी लेखिकेने नंतर प्राचार्यांकडे दिली व ती त्या खुलाशास जोडण्याची विनंती केली. प्रस्तुत विवेचनाचा उगम या घटनेत आहे.

रंग साठवला कोठे जातो?

वरील घोटाळा समजून घेण्यासाठी कॅलेंडरचा रंग आणि नोंदीचा रंग यांत फरक करावा लागतो.

१३ एप्रिल २००६ रोजी सुरू झालेल्या गूगल कॅलेंडरमध्ये एका खात्यावर अनेक कॅलेंडरे ठेवता येतात आणि प्रत्येकाला एक रंग असतो. हा रंग कॅलेंडरच्या मूळ माहितीचा भाग नसतो. तो पाहणाऱ्याच्या यादीत, म्हणजे त्याच्या खात्यात साठवला जातो. ‘परीक्षा’ हे कॅलेंडर पन्नास शिक्षकांनी आपल्या यादीत घेतले, तर त्याचे पन्नास रंग असू शकतात. एकाने रंग बदलला तरी दुसऱ्याच्या पडद्यावर काहीच बदलत नाही. नवे कॅलेंडर यादीत येते तेव्हा त्याला रंग मिळतो, परंतु तो कॅलेंडर तयार करणाऱ्याने निवडलेलाच असेल असे मुळीच नाही. लेखिकेच्या सूचनेतील ‘हिरवा’ हा शब्द म्हणूनच एका व्यक्तीच्या पडद्याचे वर्णन होता.

नोंदीचा रंग ही निराळी गोष्ट आहे. एखाद्या विशिष्ट नोंदीला कॅलेंडरच्या रंगाहून वेगळा रंग देता येतो. अनेक वर्षे यासाठी अकरा रंग उपलब्ध होते आणि त्यांना टोमॅटो, फ्लेमिंगो, पीकॉक, ग्रेप, ग्रॅफाइट अशी नावे होती. मात्र एखाद्याला बैठकीचे निमंत्रण पाठवले, की त्या नोंदीची प्रत निमंत्रिताच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये जाते व त्याच्या रंगाने दिसते. आयोजकाने बैठक तातडीची म्हणून टोमॅटोसारखी लाल केली असली, तरी निमंत्रिताला ती नेहमीच्या निळ्या रंगातच दिसते. आयोजकाला वाटते आपण इशारा दिला आहे, आणि समोरच्याला इशारा मिळालेलाच नसतो.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमधील रचना याहून वेगळी आहे आणि ती तपासण्याजोगी आहे. आउटलुकच्या २००३ च्या आवृत्तीत भेटीला दहा रंगीत लेबले देण्याची सोय होती. महत्त्वाचे, व्यावसायिक, वैयक्तिक, रजा, उपस्थिती आवश्यक, प्रवास आवश्यक, पूर्वतयारी आवश्यक, वाढदिवस, वर्धापनदिन आणि दूरध्वनी अशी ती दहा लेबले होती. ही यादी वाचताच तिच्यातील दोष जाणवतो. ‘प्रवास आवश्यक’ असलेली भेट ‘व्यावसायिक’ही असते आणि ‘महत्त्वाची’ही असू शकते, पण लेबल एकच देता येते. २००७ च्या आवृत्तीत ही लेबले आणि आधीपासून असलेले शब्दरूप प्रवर्ग यांचे एकत्रीकरण होऊन रंगीत प्रवर्ग आले. त्यांत प्रवर्गाचे नाव नोंदीसोबत राहते, परंतु त्या नावाला कोणता रंग द्यायचा याची मुख्य यादी प्रत्येक टपालपेटीत स्वतंत्र असते. समोरच्याच्या यादीत ते नाव नसेल, तर नोंदीवर नाव दिसते आणि रंग दिसत नाही. म्हणजे येथे शब्द प्रवास करतो आणि रंग मागे राहतो.

हाच क्रम आंतरराष्ट्रीय मानकातही आढळतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या दिनदर्शिकांना परस्परांच्या नोंदी वाचता याव्यात, यासाठी आयकॅलेंडर हे मानक आरएफसी २४४५ या नावाने नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सप्टेंबर २००९ मध्ये आरएफसी ५५४५ ने त्याची जागा घेतली. दोन्हींमध्ये नोंदीचा प्रवर्ग शब्दांत लिहिण्याची तरतूद होती, रंगासाठी मात्र कोणताही रकाना नव्हता. तो ऑक्टोबर २०१६ मध्ये आरएफसी ७९८६ द्वारे आला आणि त्यातही रंग नावानेच लिहायचा असतो. तारीख, वेळ, स्थळ, शीर्षक, प्रवर्ग हे सारे पहिल्या मानकापासून होते आणि रंगाला अठरा वर्षे थांबावे लागले. मानक तयार करणाऱ्यांनी रंगाला नोंदीच्या अर्थाचा भाग न मानता सादरीकरणाचा भाग मानले असावे. लेखिकेच्या मते त्यांची ही भूमिका योग्यच होती.

पडद्याचे छायाचित्र काढून गटावर टाकण्याची प्रथाही येथे नमूद केली पाहिजे. असे छायाचित्र पाठवणाऱ्याचे रंग सोबत घेऊन येते. ते पाहून ‘हिरवे म्हणजे परीक्षा’ हे मनात ठसते आणि नंतर स्वतःच्या मोबाइलवर तेच हिरवे शोधले जाते. सूचना न पाठवलेली परवडली, अशी ही स्थिती होय.

डोळा आणि स्मरण

रंग सर्वांना एकसारखे दिसतील अशी तांत्रिक व्यवस्था उद्या झाली, तरी किती रंग वापरावेत हा प्रश्न राहतोच. येथे मानसशास्त्रातील काही प्रस्थापित निरीक्षणे उपयोगी पडतात. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांनी १९८० मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, एकाच गुणाने वेगळी असलेली वस्तू गर्दीतून आपोआप उठून दिसते. निळ्या नोंदींच्या महिन्यात एकच नारिंगी नोंद असेल, तर ती शोधावी लागत नाही. परंतु रंग आणि आणखी एखादा गुण यांच्या जोडीने वस्तू ओळखायची असेल, तर नजरेला एकेका चौकटीवरून जावे लागते. आठ-दहा रंगांनी सजलेल्या महिन्यात कोणताच रंग उठून दिसत नाही, असा अनुभव सर्वांनाच येतो.

दुसरा मुद्दा स्मरणाचा आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ च्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की एकेक उद्दीपक सुटा समोर आला असता माणूस मोजक्याच पायऱ्या खात्रीने ओळखू शकतो. दोन छटा शेजारी ठेवून त्यांतील फरक सांगणे आणि एकच छटा पाहून ती कोणती हे सांगणे, या वेगळ्या क्षमता आहेत. मराठीत अबोली, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, पोपटी, शेवाळी, गुलबक्षी अशी रंगनामांची श्रीमंती आहे, आणि साडीच्या दुकानात या सर्व छटा आपण लीलया वेगळ्या करतो. तरीही ब्लाउजपीस घ्यायला मॅचिंग सेंटरमध्ये जाताना कोणतीही गृहिणी साडी सोबत नेते. रंग मनात घेऊन जाता येत नाही, हे तिला पक्के ठाऊक असते. दिनदर्शिकेतील नोंद मात्र आपल्याला सुटी पाहायची असते आणि जुळवून पाहायला साडी हाताशी नसते. शेवाळी म्हणजे बैठक आणि पोपटी म्हणजे कार्यशाळा अशी योजना करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

रंग आणि अर्थ यांची जोडी बहुधा यादृच्छिक असते, हेही विसरता येत नाही. नवरात्रात कोणत्या दिवशी कोणता रंग हे दरवर्षी वृत्तपत्रात पाहावे लागते. हौसेने पाळला जाणारा संकेतदेखील स्मरणात राहत नाही, मग समितीने लादलेला कसा राहावा? जेथे आधीपासून रुजलेला संकेत आहे तेथे त्याच्या विरुद्ध जाणे तर अधिकच धोक्याचे ठरते. परीक्षा गंभीर म्हणून ती लाल करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु लाल तारीख म्हणजे सुट्टी हा संस्कार ज्यांच्यावर पन्नास वर्षे झाला आहे, त्यांना तो विसरायला सांगणे व्यवहार्य नाही.

फ्रेंच मानचित्रकार झाक बेर्तां यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात एक मूलभूत भेद केला आहे. रंगछटा प्रकार दाखवू शकते, क्रम दाखवू शकत नाही. निळ्यापेक्षा हिरवा मोठा की लहान, या प्रश्नाला अर्थ नाही. क्रम दाखवायचा असेल तर एकाच छटेचा फिकेपणा व गडदपणा उपयोगी पडतो. निकडीच्या पायऱ्या पाच वेगवेगळ्या रंगांनी दाखविण्याचा प्रयत्न याच कारणाने फसतो.

ज्यांना रंग वेगळे दिसतात

रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःच्या रंगदृष्टीतील वैगुण्याचे वर्णन केले, तेव्हापासून हा विषय शास्त्रीय चर्चेत आहे. शिनोबु इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या तक्त्यांची चाचणी १९१७ पासून प्रचलित आहे. लाल व हिरवा यांत गल्लत होण्याचा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांत बराच जास्त असतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ०.५ टक्के आहे. अन्य लोकसमूहांत ते सामान्यतः याहून कमी असते, तथापि ते नगण्य नाही. कोणत्याही मोठ्या महाविद्यालयाच्या शिक्षकवृंदात आणि विद्यार्थ्यांत अशा व्यक्ती असतातच. त्या ही गोष्ट उघड करीत नाहीत. पुष्कळदा त्यांना स्वतःलाही ती उशिरा कळते.

या संदर्भात पुण्यातील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेशी संबंधित निर्णय लक्षणीय आहे. रंगांधत्वाच्या कारणावरून काही अभ्यासक्रमांत प्रवेश नाकारण्याचे संस्थेचे धोरण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अमान्य केले आणि अशा उमेदवारांना सर्व अभ्यासक्रम खुले करण्यास सांगितले. जेथे रंग हाच अभ्यासाचा विषय आहे तेथे हे तत्त्व मान्य होत असेल, तर बैठकीची वेळ कळण्यासाठी लाल-हिरव्यातील भेद ओळखण्याची अट घालणे कसे समर्थनीय ठरेल?

संकेतस्थळांच्या सुगम्यतेविषयी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतच, माहिती केवळ रंगातून देऊ नये असे बजावले होते, आणि २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते स्वतंत्र निकष म्हणून आले. रंग वापरू नये असे ही तत्त्वे म्हणत नाहीत. रंग काढून घेतला तरी माहिती उरली पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. जपानमधील मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी सुचविलेली आठ रंगांची मालिकाही येथे साहाय्यभूत ठरते. काळा, नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी आणि लालसर जांभळा हे ते रंग होत. बहुतेक प्रकारच्या रंगदृष्टीला ते परस्परांपासून वेगळे ओळखता येतात.

रंगांधत्वाचा विचार दूरचा वाटत असेल, तर आपल्या कार्यालयातील प्रिंटर आठवावा. दिनदर्शिका सूचनाफलकावर लागते ती कृष्णधवल छापून आणि विभागांत पोहोचते ती तिच्या झेरॉक्स प्रतींतून. लाल आणि हिरवा दोन्ही तेथे सारख्याच करड्या रंगाचे होतात. त्या कागदापुढे संपूर्ण महाविद्यालयच रंगांध असते.

व्यवस्थापनाची दिशा

वरील विवेचनावरून पहिला नियम निघतो तो असा, की अर्थ आधी शब्दांत ठेवावा आणि रंगाला त्याचा साहाय्यक करावे. नोंदीच्या शीर्षकाचा पहिला शब्दच प्रकार सांगणारा असावा : ‘परीक्षा’, ‘बैठक’, ‘तास’, ‘उपक्रम’. मोबाइलवरील महिन्याच्या दृश्यात शीर्षकाची पहिली काही अक्षरेच दिसतात. आपल्याकडे शीर्षक ‘भौतिकशास्त्र विभागाच्या वतीने आयोजित’ असे सुरू करण्याची फार आवड आहे, आणि पडद्यावर त्यातले ‘भौतिकशा’ एवढेच उरते. आयोजकाचे नाव तपशिलात लिहावे. नोंद वाचणाऱ्याला आयोजक कोण यापेक्षा आपण काय करायचे आहे हे आधी कळले पाहिजे.

रंगाने नेमके काय सांगायचे हे एकदाच ठरवावे लागते आणि बहुतेक समित्या येथेच घसरतात. व्यक्ती किंवा विभाग, कामाचा प्रकार, नोंद पक्की आहे की तात्पुरती, आणि निकड अशा चार बाबी रंगाने सांगण्याची इच्छा होते. एका रंगाने एकच बाब सांगता येते. महाविद्यालयापुरते बोलायचे तर कामाचा प्रकार ही बाब निवडणे श्रेयस्कर, कारण वाचणाऱ्याची कृती तिच्यावर ठरते. तात्पुरती नोंद ‘तात्पुरते’ या शब्दाने दाखवावी. निकड स्मरणसूचनेने आणि, खरे सांगायचे तर, एका दूरध्वनीने दाखवावी.

प्रकार पाच किंवा सहा पुरेत. परीक्षा, अध्यापन व प्रात्यक्षिके, बैठका, उपक्रम आणि सुट्ट्या असे पाच प्रकार लेखिकेच्या महाविद्यालयात पुरेसे ठरले आहेत. परीक्षा विभागाची बैठक कोठे टाकायची, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर सुट्टीत आले तर त्याचा प्रकार कोणता, असे प्रश्न पहिल्याच आठवड्यात उद्भवतात. त्यांची उत्तरे समित्यांच्या अधिकारक्षेत्रावरून शोधू नयेत. वाचणाऱ्याने ती नोंद चुकवली तर काय बिघडेल, यावरून शोधावीत. परीक्षा विभागाची बैठक चुकली तर बैठक चुकते, परीक्षा चुकत नाही. म्हणून ती ‘बैठक’.

प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र कॅलेंडर करणे, हा एकाच कॅलेंडरमधील नोंदींना वेगवेगळे रंग देण्यापेक्षा चांगला मार्ग आहे. याचे एक कारण असे की स्वतंत्र कॅलेंडराला नाव असते आणि ते नाव सर्वांना सारखेच दिसते. शिवाय पाहणाऱ्याला नको असलेले कॅलेंडर तात्पुरते लपवता येते. ज्याला रंग ओळखण्यात अडचण आहे तो आपल्याला वेगळे दिसणारे रंग स्वतः निवडू शकतो, आणि त्याला त्यासाठी कोणाला काही सांगावे लागत नाही. रंग पाहणाऱ्याच्या खात्यात साठवला जातो, हे आतापर्यंत दोष म्हणून दिसलेले वैशिष्ट्य येथे सोय ठरते. म्हणूनच सर्वांनी अमुकच रंग ठेवावा असा आग्रह समितीने धरू नये. सुचविलेल्या रंगांची एक सूची द्यावी, ती दिनदर्शिकेच्या वर्णनात शब्दांत लिहावी आणि पाळणे ऐच्छिक ठेवावे. कोणत्याही सूचनेत रंगाच्या नावाने नोंदीचा निर्देश करू नये. ‘हिरव्या नोंदी पाहाव्यात’ ऐवजी ‘परीक्षा या शब्दाने सुरू होणाऱ्या नोंदी पाहाव्यात’ असे लिहिण्यास चार शब्द अधिक लागतात.

या कॅलेंडरांचे स्वामित्व संस्थेच्या खात्यावर असावे. उत्साही शिक्षक आपल्या खात्यावर सर्व उभारतो, मग त्याची बदली होते किंवा तासिकांचा करार संपतो, आणि जूनमध्ये दिनदर्शिकेची किल्ली कोणाकडे आहे याचा शोध सुरू होतो. नोंदी करण्याचा अधिकार दोन-तीन व्यक्तींपुरता ठेवावा व इतरांना केवळ तपशील पाहण्याचा द्यावा. प्रकारांची नावे वर्षाच्या मध्यात बदलू नयेत. बदल करायचाच तर तो सत्राच्या आरंभी करावा.

दिनदर्शिका जाहीर करण्यापूर्वी तपासणीची एक साधी पद्धत लेखिकेच्या महाविद्यालयात आता पाळली जाते. समितीबाहेरच्या तीन व्यक्तींना त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर दिनदर्शिका उघडायला सांगितले जाते. त्यांत एक शिक्षक तासिका तत्त्वावरील आणि एक कर्मचारी कार्यालयातील असतो. एका आठवड्याची कृष्णधवल झेरॉक्स प्रतही त्यांच्यापुढे ठेवली जाते. त्या आठवड्यात तुम्ही कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे असायला हवे, एवढेच विचारले जाते. पहिल्या तपासणीत दोघांनी बरोबर उत्तरे दिली. तिसऱ्या व्यक्तीला, म्हणजे ग्रंथालयातील परिचरांना, एकही नोंद दिसली नाही, कारण दिनदर्शिका त्यांच्या वापरात नसलेल्या जुन्या ईमेल पत्त्यावर पाठविण्यात आली होती. रंगांची चर्चा दोन बैठका चालली होती आणि पत्त्यांची यादी मात्र कोणीही पाहिली नव्हती. आता तपासणीची सुरुवात त्या यादीपासून होते.